आजारी कैदी आणि सरकारची मर्जी: मुळशीपासून तळोज्यापर्यंत

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना तारखा आणि नावं निसटतात अशी तक्रार बरेच जण करतात, म्हणून भाग संपला की तो असा लिहून ठेवायची पद्धत आपण पाडली आहे. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं इथे थोडी सावरून घेतली आहेत, बाकी मजकूर तोच.

आजचा विषय तसा अवघड आहे. तुरुंगातला माणूस म्हातारा झाला, किंवा असा आजारी पडला की आता तो बरा होणार नाही हे सगळ्यांना दिसतंय, तर त्याचं काय करायचं? आत ठेवायचं की घरी पाठवायचं? आणि हे ठरवायचं कुणी? डॉक्टरने, न्यायाधीशाने, तुरुंगाच्या अधीक्षकाने, की मंत्रालयात बसलेल्या एखाद्या सचिवाने?

हा प्रश्न आजच्या बातम्यांमधला वाटतो, पण आपल्या पुणे जिल्ह्यात तो शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. म्हणून सुरुवात मुळशीपासून करू.

मावळातले सत्याग्रही येरवड्यात

मुळशी धरण आपल्याला माहीत असतं ते पावसाळ्यातल्या सहलीमुळे. पौड ओलांडून ताम्हिणीकडे जाताना डाव्या हाताला, उजव्या हाताला पाणीच पाणी दिसतं. त्या पाण्याखाली भातखाचरं आहेत, गावठाणं आहेत, देवळं आहेत. मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना वीज हवी होती, त्यासाठी टाटांच्या कंपनीने निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतलं. पन्नासहून अधिक गावं आणि सुमारे अकरा हजार माणसं त्यात जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पाडलं. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट, शंकरराव देव ही या लढ्यातली ठळक नावं. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती इथेच. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिलं आणि त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं.

लढ्याची सगळी कहाणी आज सांगत नाही, तो वेगळ्या भागाचा विषय आहे. आज आपल्याला त्यातला एकच धागा हवा आहे: पकडलेल्या माणसांचं काय झालं?

ती येरवड्यात गेली. बायकाही पकडल्या गेल्या. त्या काळी सक्तमजुरी म्हणजे जातं ओढणं, खडी फोडणं. रोजचा वाटा ठरलेला. तो पुरा झाला नाही की शिक्षा. मुळशीच्या कैद्यांपैकी काहींनी ठरवून दिलेलं काम पुरं केलं नाही, म्हणून त्यांना फटके मारण्यात आले. फटके म्हणजे तोंडी बोलण्यातले नव्हेत. तिकटीला बांधून वेताने मारणं ही तुरुंगाच्या कायद्यात लिहिलेली शिक्षा होती.

त्याच वेळी त्याच येरवड्यात दुसऱ्या विभागात मोहनदास करमचंद गांधी होते. मार्च १९२२ मध्ये राजद्रोहाबद्दल त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. मुळशीच्या कैद्यांना फटके बसले आणि त्यातल्या काहींनी अन्नत्याग केला, ही बातमी गांधींच्या कानावर गेली. त्यांनी तुरुंगाच्या अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार केला, आपल्याला त्या कैद्यांना भेटू द्या अशी मागणी केली. शेवटी शंकरराव देव आणि दास्ताने यांच्याशी त्यांची भेट घडवून आणली गेली. सत्याग्रही कैद्याने कशासाठी उपास करावा आणि कशासाठी करू नये, यावर गांधींनी त्यांच्याशी चर्चा केली. उपास थांबले. पुढे सरकारने फटक्यांच्या शिक्षेवर काही मर्यादाही घातल्या. सुटल्यावर गांधींनी ‘यंग इंडिया’त आपले तुरुंगातले अनुभव लिहिले, त्यात मुळशी पेट्याच्या कैद्यांचा हा प्रसंग सविस्तर आला आहे.

आता हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा. एकच तुरुंग. एका बाजूला मावळातले शेतकरी आणि त्यांचे कार्यकर्ते, दुसऱ्या बाजूला देशातला सगळ्यात प्रसिद्ध कैदी. दोघांचंही शरीर सरकारच्या ताब्यात. पुढे काय झालं ते ऐका.

जानेवारी १९२४ची रात्र

जानेवारी १९२४ मध्ये गांधींच्या पोटात जबरदस्त दुखू लागलं. अपेंडिक्स सुजलं होतं. तुरुंगाच्या दवाखान्यात ते काम होण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांना ससून रुग्णालयात हलवलं. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रियेआधी श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेतलं, गांधींकडून एक निवेदन सहीनिशी घेतलं: आपल्यावर नीट उपचार होत आहेत आणि शस्त्रक्रियेला आपली संमती आहे अशा आशयाचं. सरकारला किती धास्ती होती बघा. हा माणूस टेबलावर दगावला तर देश पेटेल, तेव्हा कागद तयार असलेला बरा.

शस्त्रक्रिया चालू असताना वादळामुळे वीज गेली आणि शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. विजेसाठी मुळशीची गावं बुडवली जात होती, त्याच वर्षांतली ही गोष्ट.

५ फेब्रुवारी १९२४ रोजी सरकारने गांधींची उरलेली शिक्षा माफ करून त्यांना सोडलं. सहापैकी दोन वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. कारण दिलं आजारपणाचं.

आणि इथे गांधींनी जे लिहिलं ते मला या सगळ्या विषयाच्या मुळाशी असलेलं वाटतं. सुटकेनंतर दोनच दिवसांनी काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना महंमद अली यांना लिहिलेल्या पत्रात ते म्हणाले की या सुटकेचा आपल्याला आनंद नाही; कैदी आजारी पडला, एवढ्यावरून त्याला सोडावं असं आपण मानत नाही.

ऐकायला विचित्र वाटतं ना? पण सत्याग्रहीच्या बाजूने विचार करा. तो स्वतःहून तुरुंगात जातो. शिक्षा मागून घेतो. मग आजारपणाचं निमित्त करून बाहेर पडणं म्हणजे सरकारच्या उपकाराखाली येणं. गांधींचा हा विचार स्वतःपुरता अगदी सुसंगत होता. प्रश्न असा की हा विचार सरकारने उचलला तर? ‘कैदी आजारी पडला, एवढ्यावरून त्याला सोडावं असं नाही’ हे वाक्य कैद्याच्या तोंडी व्रत आहे. तेच वाक्य तुरुंगाधिकाऱ्याच्या तोंडी आलं की त्याचा अर्थ पार बदलतो.

मुळशीच्या कैद्यांसाठी मात्र कुणी शास्त्री बोलावले गेले नाहीत, कुणी निवेदन लिहून घेतलं नाही. ज्यांना फटके बसले त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा आपल्या ओठांवर नाहीत. बापट तर पुन्हा पुन्हा आत गेले. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली, त्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली, आणि ते बाहेर आले तेव्हा १९३१ साल उजाडलं होतं. वयाची पन्नाशी तुरुंगातच गाठली त्यांनी. तोवर धरणाचं काम पुरं होऊन पाणी साठलेलं होतं.

सोडायचं कधी, याचं सरकारी गणित

गांधींची सुटका ही काही पहिली नव्हती. थोडं मागे जाऊ.

वासुदेव बळवंत फडके यांच्यावर पुण्यात खटला चालला आणि जन्मठेपेवर त्यांना एडनला पाठवलं. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते तिथल्या तुरुंगातच वारले. वय ३७. समुद्रापलीकडच्या त्या तुरुंगात ते खंगत गेले, आणि त्यांना परत आणा म्हणून आवाज उठवण्याइतकं बळ तेव्हा पुण्यातही नव्हतं.

पंधरा वर्षांनी टिळकांच्या वेळी चित्र बदललेलं दिसतं. सप्टेंबर १८९७ मध्ये टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. तुरुंगातल्या खाण्याने त्यांची प्रकृती झपाट्याने उतरली. मॅक्स म्युलर, विल्यम हंटर यांच्यासारख्या मंडळींनी इंग्लंडमधून दयेचा अर्ज केला. टिळक वेदांचे अभ्यासक, ‘ओरायन’चे कर्ते, म्हणून युरोपातल्या विद्वानांना त्यांची कदर होती. ६ सप्टेंबर १८९८ रोजी टिळक मुदतीआधी सुटले, पण अटी घालून. सत्कार-मिरवणुका घ्यायच्या नाहीत वगैरे. पुढे १९०८ ला मंडालेला गेले तेव्हा ते ५२ वर्षांचे होते, मधुमेह जडलेला होता. सहा वर्षं त्यांनी तिथे काढली. १९१२ मध्ये सत्यभामाबाई इकडे पुण्यात वारल्या, ती बातमी त्यांना तुरुंगात कळली.

या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की सरकार कसा विचार करत होतं ते उलगडतं. आजार किती गंभीर आहे, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर. पहिला प्रश्न: हा माणूस आपल्या ताब्यात मेला तर आपल्याला काय किंमत मोजावी लागेल? किंमत मोठी असेल तर सोडा, जमल्यास अटी घाला. किंमत नसेल तर राहू द्या.

सगळ्यात नागडेपणाने हे दिसतं ते आगाखान पॅलेसमध्ये.

आगाखान पॅलेस, १९४२ ते १९४४

नगर रस्त्याने जाताना आगाखान पॅलेस लागतो. बाग सुरेख आहे, शाळांच्या सहली येतात. मागच्या बाजूला दोन समाध्या आहेत. त्या दोन्ही कैद्यांच्या समाध्या आहेत, हे लक्षात ठेवून तिथे उभं राहायला हवं.

९ ऑगस्ट १९४२ ला गांधी आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींना मुंबईत पकडून इथे आणलं. सहाव्या दिवशी, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई हृदयविकाराने गेले. वय ५०. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधींनी २१ दिवसांचा उपास जाहीर केला तेव्हा सरकारने देऊ केलं की उपासापुरतं तुम्हाला सोडतो. गांधींनी नाकारलं. पुन्हा तेच गणित: मरायचं असेल तर बाहेर मरा.

मग कस्तुरबांचं आजारपण आलं. त्या सत्तरी ओलांडलेल्या, हृदयाचा त्रास, श्वास लागायचा. १९४३ च्या अखेरपासून प्रकृती ढासळत गेली. आपल्याला वैद्यांचे उपचार घेऊन बघायचे आहेत असं त्यांनी सांगितलं. वैद्य शिव शर्मा यांना परवानगी मिळाली, पण रात्री आत थांबायची नाही. रुग्णाला रात्री केव्हा गरज लागेल सांगता येत नाही, म्हणून वैद्यबुवा फाटकाबाहेर आपल्या मोटारीत झोपायचे. गांधींनी सरकारला यावर पत्रांमागून पत्रं लिहिली. एक वैद्य रात्री रुग्णाजवळ बसू शकतो की नाही, यासाठी पत्रव्यवहार! २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. महादेवभाईंच्या शेजारी त्यांना अग्नी दिला गेला.

नंतर सरकारकडून सांगण्यात आलं की सगळे शक्य ते उपचार केले होते. त्यावर मार्चमध्ये गांधींनी जे पत्र लिहिलं त्यात एक मुद्दा आहे. ते म्हणतात, सुटकेची मागणी बांनी केली नव्हती आणि मीही केली नव्हती, सत्याग्रही कैद्याला ते शोभलं नसतं. पण सरकारने स्वतःहून सुटका देऊ करणं योग्य झालं नसतं का?

१९२४ चं पत्र आठवा आणि हे १९४४ चं पत्र वाचा. वीस वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने लिहिलेली ही दोन पत्रं एकमेकांना खोडत नाहीत असं माझं मत आहे. कैद्याने दया मागू नये, हा कैद्याचा धर्म झाला. तो मागत नाही म्हणून सरकारचं कर्तव्य संपत नाही, हा दुसरा भाग. पहिला भाग गांधींना तरुण वयापासून माहीत होता. दुसरा त्यांनी पत्नीच्या चितेनंतर लिहिला.

अडीच महिन्यांनी, ६ मे १९४४ ला, हिवतापाने खंगलेल्या गांधींना सोडलं. कारण दिलं निव्वळ वैद्यकीय. दोन मृत्यू झालेच होते, तिसरा परवडणारा नव्हता.

कायद्यात काय लिहिलंय?

ते सरकार परक्यांचं होतं, असं म्हणून आपण सुटू शकत नाही. कारण १८९४ चा तुरुंग कायदा स्वातंत्र्यानंतरही आपण दशकानुदशकं चालवला. त्या कायद्यातही आजारी कैद्यांबद्दल कलमं आहेत बरं का. प्रत्येक तुरुंगात दवाखाना असावा, आजारी दिसणाऱ्या कैद्याची खबर डॉक्टरला ताबडतोब द्यावी, असं त्यात स्पष्ट आहे.

कैद्यांचे दोन प्रकार वेगळे धरू. एक कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे. आपल्या देशातल्या दर चार कैद्यांमागे तीन जण या प्रकारात मोडतात. दुसरे पक्के कैदी, ज्यांना शिक्षा झाली आहे.

कच्च्या कैद्यासाठी कायद्यात एक खिडकी आहे. गुन्हा फाशी-जन्मठेपेचा असला तरी आरोपी आजारी किंवा दुर्बळ असेल तर न्यायालय जामीन देऊ शकतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३७, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४८०. ‘देऊ शकतं’ हा शब्द लक्षात घ्या. द्यावाच असं नाही. आणि यूएपीएसारखा विशेष कायदा लागला की जामिनाची दारं आणखी अरुंद होतात. आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही, असं त्यात म्हटलंय, आणि त्या घडीला न्यायालयासमोर बहुतांशी तपास यंत्रणेचीच बाजू असते.

पक्क्या कैद्यासाठी शिक्षामाफी आहे, पॅरोल आहे, राज्यपाल आणि राष्ट्रपतींचा माफीचा अधिकार आहे. हे सगळं सरकारच्या मर्जीवर. कागद कसा फिरतो? तुरुंगाचा डॉक्टर लिहितो. मग जिल्हा किंवा शासकीय रुग्णालयातल्या डॉक्टरांचं मंडळ तपासतं. अधीक्षक शिफारस करतो. पोलिसांचा अहवाल मागवतात. मग तुरुंग विभाग, मग गृह विभाग. मधे एखादा शेरा आला की फाइल परत खाली. कर्करोग मात्र फाइलीसाठी थांबत नाही. नुसत्या तपासणीसाठी कैद्याला बाहेरच्या रुग्णालयात न्यायचं तरी पोलीस गार्ड लागतो. बंदोबस्त असला, सण आला, निवडणूक लागली की गार्ड नाही, आणि तारीख पुढे.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी काढतो. त्यात कैद्यांचे वयोगट असतात. सगळ्यात वरचा गट कोणता? ‘५० आणि त्यापुढे’. म्हणजे ५१ वर्षांचा धडधाकट माणूस आणि ८४ वर्षांचा थरथरणारा म्हातारा एकाच रकान्यात. ज्याची मोजणीच वेगळी होत नाही, त्याच्यासाठी पायऱ्यांना कठडा, खाली कमोड, रात्री कुणीतरी सोबत, याची तरतूद कुठून होणार?

तळोजा, नागपूर

आता अलीकडची उदाहरणं. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला हिंसाचार झाला. त्यातून जो खटला उभा राहिला त्याचं खरं-खोटं ठरवण्याची ही जागा नाही. मी फक्त आजारी आणि वयस्कर आरोपींबद्दल बोलणार आहे.

फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीतून अटक झाली आणि तळोजा तुरुंगात आणलं. वय ८३, कंपवात. हातात पेला धरला की पाणी सांडायचं. नोव्हेंबरमध्ये त्यांनी नळीचा पेला आणि स्ट्रॉ मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज केला. तपास यंत्रणेने उत्तर द्यायला वीस दिवस मागितले. मग सांगितलं की आम्ही त्यांचा पेला जप्त केलाच नव्हता. शेवटी तो मिळाला, पण पाणी पिण्याच्या नळीसाठी न्यायालयीन तारखा पडल्या हे घडलं ते घडलंच. मार्च २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. मे महिन्यात ते व्हिडिओवरून उच्च न्यायालयासमोर आले आणि म्हणाले की मी आलो तेव्हा स्वतः चालत होतो, अंघोळ करत होतो, जेवत होतो. आता एकेक गोष्ट सुटत चालली आहे. सरकारी रुग्णालयात जायला ते तयार नव्हते, आपल्या माणसांत जायचं होतं. २८ मे ला न्यायालयाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवायला सांगितलं. ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची सुनावणी चालू होणार तेवढ्यात रुग्णालयाच्या डॉक्टरांनी न्यायालयाला ते गेल्याचं सांगितलं. वय ८४. खटला सुरूदेखील झाला नव्हता.

त्याच खटल्यातले कवी वरवरा राव. येरवड्यात होते, मग तळोज्याला. ८० वर्षं ओलांडलेली, कोविड झाला, स्मृतीवर परिणाम दिसू लागला. २२ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना सहा महिन्यांचा वैद्यकीय जामीन दिला. तळोज्याच्या दवाखान्यात परत पाठवलं तर त्यांच्या जिवाला धोका आहे, आणि जगण्याचा घटनादत्त अधिकार तुरुंगातही संपत नाही, ही त्यामागची भूमिका होती. कायदा कडक असूनही वाट काढता येते, हे या निकालाने दाखवलं. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जामीन कायम केला.

तिसरं उदाहरण नागपूरचं. प्राध्यापक जी. एन. साईबाबा ९० टक्के अपंग, व्हीलचेअरवर. २०१७ मध्ये गडचिरोलीच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. नागपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात अंडा सेलमध्ये राहिले. ऑगस्ट २०२० मध्ये आई वारली, अंत्यदर्शनाला जाता आलं नाही. त्यांच्यासोबत शिक्षा झालेले पांडू नरोटे ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेत असतानाच आजाराने वारले. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, नरोटे यांच्यासह. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला साईबाबाही गेले.

निर्दोष ठरलेल्या पांडू नरोटे यांना तो निकाल ऐकायला मिळाला नाही. गडचिरोलीतला हा तरुण आदिवासी शेतकरी, त्याच्यासाठी युरोपातून कुणी मॅक्स म्युलर पत्र लिहिणार नव्हता. मुळशीच्या मावळ्यांची आठवण मला इथे होते.

दुसरी बाजूही ऐकू

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, अहो, पण आपल्याकडे बडी धेंडं पकडली गेली की त्यांना लगेच छातीत दुखायला लागतं. अटक झाली की रुग्णालय, शिक्षा झाली की रुग्णालय. खरं आहे. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि ज्यांच्या घरातला माणूस गुन्ह्यात मारला गेला, त्यांना गुन्हेगार घरच्या खाटेवर मरावा असं का वाटेल?

या आक्षेपाचं एक जगप्रसिद्ध उदाहरण स्कॉटलंडमधलं. १९८८ मध्ये लॉकर्बी गावावर विमान स्फोटाने कोसळलं, २७० माणसं मेली. त्या प्रकरणी शिक्षा झालेल्या अल मेग्राही याला कर्करोग झाला. तीनेक महिने राहिलेत या अंदाजावर २० ऑगस्ट २००९ ला त्याला करुणेच्या कारणाने सोडलं. तो लिबियात गेला आणि मे २०१२ पर्यंत जगला. केवढा गदारोळ झाला! मेलेल्यांच्या नातेवाइकांचा संताप समजण्यासारखा होता. डॉक्टरांचे अंदाज चुकतात, हे खरंच आहे.

पण त्यातली एक गोष्ट बघा. स्कॉटलंडच्या मंत्र्याने कोणत्या कायद्याखाली, कोणत्या वैद्यकीय अहवालावर, काय कारणाने सोडलं हे उघडपणे सांगितलं. त्यामुळेच त्याच्याशी भांडता आलं. आपल्याकडे सोडलं तरी कळत नाही का सोडलं, आणि नाही सोडलं तरी कळत नाही का नाही सोडलं. बड्या माणसाचं खोटं छातीत दुखणं आणि गरिबाचा खरा कर्करोग, दोन्हींना एकाच अंधाराचा फायदा-तोटा होतो. डॉक्टरांचं स्वतंत्र मंडळ, ठरावीक दिवसांत निर्णय, आणि निर्णयाची लेखी कारणं, एवढं झालं तर दोन्ही टोकांना आळा बसेल.

पीडितांच्या बाबतीत मला एवढंच म्हणायचंय. न्यायालयाने शिक्षा दिली ती स्वातंत्र्य काढून घेण्याची. औषध न मिळण्याची शिक्षा कुठल्याही निकालपत्रात लिहिलेली नसते. संयुक्त राष्ट्रांचे कैद्यांविषयीचे जे नियम नेल्सन मंडेलांच्या नावाने ओळखले जातात, त्यातला चोविसावा नियम हेच सांगतो: बाहेर समाजाला जशी वैद्यकीय सेवा मिळते तशीच आत मिळाली पाहिजे.

हालचाल अजिबात नाही असंही नाही. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात २०२२-२३ मध्ये केंद्राने तीन टप्प्यांत विशेष माफी जाहीर केली. निम्मी शिक्षा भोगलेले ६० वर्षांवरचे पुरुष, ५० वर्षांवरच्या स्त्रिया, गंभीर अपंग, मरणाच्या दारातले आजारी, यांचा त्यात समावेश होता. गंभीर गुन्ह्यांतले वगळले होते. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वृद्ध आणि असाध्य आजारी कैद्यांसाठी खास मोहीम सुरू केली. चांगलं आहे. पण महोत्सव आला तर माफी, मोहीम आली तर सुटका, हे अजूनही मर्जीचंच राज्य झालं. हक्क असेल तर त्याला १५ ऑगस्टची वाट बघावी लागत नाही.

शेवटचं

आगाखान पॅलेसच्या दोन समाध्यांवर नावं आहेत. टिळकांची सुटका, गांधींची शस्त्रक्रिया, यांच्या तारखा आपल्याला मिनिटासकट मिळतात. येरवड्याच्या दवाखान्यात पडून राहिलेल्या मुळशीच्या शेतकऱ्यांचं तसं काही आपल्या हाती नाही. आजही एखाद्या जिल्हा कारागृहात सत्तरीचा कुणी म्हातारा तारखेची आणि गार्डची वाट बघत बसलेला असेल, तर त्याची बातमी होणार नाही. माझ्या मते कायद्याची खरी परीक्षा त्याच्यापाशी आहे, कारण तो मेला तर सरकारला काहीच किंमत मोजावी लागत नाही.

तुमच्या गावात, घरात मुळशी सत्याग्रहातल्या तुरुंगवासाच्या आठवणी, पत्रं, शिक्षेचे कागद असतील तर जरूर कळवा. मुळशी लढ्यावरच्या सविस्तर भागासाठी त्यांचा उपयोग होईल. आजचा भाग इथेच थांबवतो. पुन्हा भेटू. नमस्कार.